पॅनिकची गॅरंटी

पॅनिक या शब्दाशी कृष्णकांत मास्तरांची ओळख जुनी होती, पण ती नुसती कागदावरची. पालघरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवताना त्यांनी तो कित्येक वर्गांकडून घोकून घेतला होता. पॅनिक, अर्थ अचानक वाटणारी भीती, वाक्यात उपयोग करा. पोरं उपयोग करीत. वाघ पाहून राम पॅनिक झाला. मास्तर लाल शाईनं स्पेलिंग सुधारत आणि पुढच्या शब्दाकडे वळत. रामाला पालघरात वाघ कुठे भेटला, हे ना पोरं विचारत, ना मास्तर. शब्द वाक्यात बसला की त्याचं काम संपलं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

सहासष्ट साली ही समजूत त्यांना महागात पडायची वेळ आली. तारापूरकडे समुद्राकाठी मोठं बांधकाम सुरू झालं होतं आणि त्याला डोंगरच्या डोंगर खडी लागत होती. एका कंत्राटी कंपनीनं बेटेगावच्या पाठीमागचा डोंगर त्यासाठी घेतला. तिथे सुरुंग लावून दगड फोडायचा होता. साहेबाशी इंग्रजीत आणि गावाशी गावाच्या बोलीत बोलेल असा माणूस कंपनीला हवा होता. मास्तरांनी अर्ज केला, निवड झाली आणि शाळेचा राजीनामाही दिला. हेडमास्तर एवढंच म्हणाले, "चुरी, गेलात तर या दारातून परत यायचं नाही." मास्तर ऐटीत बाहेर पडले. बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नवी नोकरी अजून कच्ची आहे. पहिला सुरुंग सुखरूप उडाला, तर ती पक्की होणार होती. तोवर मागचं दार बंद आणि पुढचं अर्धवट उघडं.

कंपनीचे सेफ्टी ऑफिसर वरदाचारी मद्रासकडचे होते. अंगानं काटकुळे, गळ्यात कायम एक शिटी. आधीच्या कामावर कुणीतरी उगीच ओरडलं आणि बोगद्यातली माणसं एकमेकांना तुडवत बाहेर धावली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांना सुरुंगाचं काही वाटत नसे, धास्ती वाटे ती माणसांच्या पळापळीची.

"मिस्टर चुरी," ते आपल्या ठसक्याच्या इंग्रजीत म्हणाले, "सुरुंगाच्या आधी आपण भोंगा वाजवणार. भोंगा ऐकून गावात पॅनिक झालं, तर सुरुंगापेक्षा जास्त माणसं त्यानंच मरतील. म्हणून आधी एक रंगीत तालीम. त्या दिवशी नुसता भोंगा, सुरुंग नाही. तुमच्या भाषेत पॅनिकला काय म्हणतात?"

मास्तर बोलायला गेले आणि अडकले. भीती? भीती तर घरात बसल्या बसल्याही वाटते. घाबरणं? ते एकट्याचं असतं. घबराट हा शब्द वर्तमानपत्रात छापतात, पण तो कुणाच्या तोंडून ऐकल्याचं मास्तरांना आठवेना. शब्द सापडेना तेव्हा माणूस करतो तेच त्यांनी केलं, भलतं आश्वासन देऊन बसले.

"सर, शब्दाचं राहू द्या. मी गावाला समजावतो. गावात पॅनिक होणार नाही, माझी गॅरंटी."

"आणि झालं तर?"

"तर मी नोकरी सोडतो," मास्तर म्हणून गेले.

बेटेगावात त्यांनी दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं होतं. त्यांची बायको विजया समुद्राकाठच्या मुरबे गावाच्या वाटेवरच्या एका वाडीतली, केळी आणि पानवेली यांत वाढलेली. पालघरच्या बिऱ्हाडात ती नळाचं पाणी भरी. बेटेगावात आल्यावर पहिलं काम तिनं कुठलं केलं असेल, तर ओट्यावर दाराला लागून तांब्याचा एक हंडा काठोकाठ भरून ठेवला. तो पिण्याचा नाही, वापरण्याचा नाही. तो बोंबेचा हंडा. त्या मुलखात कुठे बोंब उठली, म्हणजे गंजीला आग लागली, गाय विहिरीत पडली, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, की ज्याच्या कानावर ती पडेल त्यानं हातातलं काम टाकून हंडा उचलायचा आणि धावायचं. ज्या घरातून माणूस धावलं नाही, त्या घराला पुढे कुणी चुलीचा विस्तवसुद्धा देत नसे. मास्तरांना ही रीत लहानपणापासून माहीत होती, पण इंग्रजी शिकल्यापासून ती त्यांना जरा गावंढळ वाटू लागली होती. शिवाय त्या हंड्यावर त्यांचा अंगठा रोज ठेचाळे.

त्या दिवशीही ठेचाळला. कळवळत आत येऊन त्यांनी विचारलं, "विजया, अचानक भीती वाटली तर तू काय म्हणशील?"

"कुणाला वाटली?" ती बोंबील निवडत होती.

"कुणालाही."

"कुणालाही कशी वाटंल? मला वाटली तर पोटात गोळा येतो. बाबांना वाटली तर ते आमच्यावर ओरडतात. तुमाला वाटली तर तुमी घसा खाकरता."

मास्तरांनी घसा खाकरला. "माझं सोड. सगळ्यांना एकदम वाटली तर?"

विजयानं एक बोंबील बाजूला टाकला. "सगळ्यांना एकदम वाटली तर भ्यायचं कशाला? सगळे हायेतच की."

बायकांशी शब्दार्थाची चर्चा करण्यात अर्थ नाही, असं मास्तर मनात म्हणाले. पुरुष असं फार लवकर म्हणतात.

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेपुढच्या चिंचेखाली सभा भरली. बेटेगावचे लोक होते, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरची वारली मंडळी होती. पाड्यातला जाणता माणूस झिपरू, तो पुढे उकिडवा बसला. मुरब्याहून मासळीची पाटी घेऊन येणारी येसूबाईसुद्धा सभेत गिऱ्हाइकं आयती जमली म्हणून टेकली. येसूबाईचा आवाज असा की, ती पाटी घेऊन वेशीत आली की शेवटच्या घरातल्या मांजराला कळे.

मास्तर उभे राहिले. "मंडळी, इंग्रजीत पॅनिक म्हणून एक शब्द आहे. त्याचा अर्थ आज मी उदाहरणासहित सांगणार आहे. समजा, पालघरच्या बाजारात एक बैल उधळला—"

"कुनाचा?" झिपरूनं विचारलं.

"कुणाचाही असेल. ते महत्त्वाचं नाही. बैल उधळला. तो पाहून भाजीवाला पळाला. भाजीवाला पळाला म्हणून कापडवाला पळाला. कापडवाल्यानं तर बैल पाहिलाही नव्हता! मग सगळा बाजार पळाला. एकमेकांच्या अंगावर पडले, दुकानं उलटली. याला म्हणायचं पॅनिक."

उदाहरण चांगलं उतरलं, या समाधानात मास्तरांनी कपाळ पुसलं.

"मंग बैलाला धरला कुनी?" झिपरू म्हणाला.

"कुणी नाही. सगळे पळाले ना."

"सगले पलाले?" झिपरूनं आजूबाजूला पाहिलं. "बैलाला एकला सोरून?"

"आगो बया," येसूबाई म्हणाली, "काय मानसं म्हनावी की काय!" आणि सबंध सभेनं पालघरच्या बाजाराबद्दल हळहळ व्यक्त केली. एका म्हाताऱ्यानं बैलाला पुढे काही लागलं का, हेही विचारून घेतलं.

मास्तरांनी गाडी रुळावर आणली. सोमवारी सकाळी डोंगरावर भोंगा वाजेल, तो फार मोठा वाजेल, पण भ्यायचं नाही. कबूल?

"नाय भ्यायाचे," झिपरू म्हणाला.

"आमी दर्यावरली मानसं," येसूबाईनं पदर खोचला, "भोंग्याला काय भ्याव?"

"पन मास्तर," झिपरूनं विडी विझवून कानावर ठेवली, "त्यो भोंगा वरडतो, त्यो कुनासाटी?"

"सगळ्यांसाठी," मास्तर म्हणाले.

"बरा," झिपरू म्हणाला. "मंग आमी हाव."

'आम्ही आहोत' असा शब्द मिळाल्यावर आणखी काय हवं? मास्तर घरी गेले ते तरंगतच. नंतर ते पाड्यापाड्यावर फिरले. बैल प्रत्येक ठिकाणी उधळला आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी त्याचीच चौकशी केली. पण शब्द मात्र रुजला. खुराड्यात मुंगूस शिरलं की आता कोंबड्या पॅनिक होऊ लागल्या. नवरा ताडी पिऊन आला की बायको पॅनिक होई आणि बायको पॅनिक झाली की नवरा. येसूबाई तर बेटेगावच्या वेशीतूनच ओरडे, "सरंगा संपत आला गो, पॅनिक करा, पॅनिक करा!" मास्तर एकदा तिचा उपयोग सुधारायला गेले. येसूबाईनं त्यांना दोन बोंबील जास्त घातले आणि वाटेला लावलं.

सोमवार उजाडला. डोंगराच्या कुशीत पत्र्याची ऑफिसं, दगड फोडायचं यंत्र, पाण्याची टाकी, एक जीप. भोंगा होता हातानं दांडा फिरवायचा, तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवलेला. लढाईच्या साली मुंबईत असले भोंगे लोकांनी ऐकले होते, इकडे कुणीच ऐकला नव्हता. वरदाचारींनी शिटी फुंकली आणि दोघा पहारेकऱ्यांनी दांडा फिरवायला घेतला. भोंगा आधी कण्हला, मग रडू लागला, मग त्यानं असा गळा काढला की टाकीवरचे कावळे तारापूरच्या दिशेनं उडाले ते दिसेनासे झाले. डोंगरानं तो आवाज घेतला आणि दुप्पट करून परत दिला.

मग शांतता झाली. खाली भाताची कापलेली खाचरं उन्हात पडली होती, त्यांत एक माणूस हलेना. कुठे ओरडा नाही, आरडा नाही. ऑफिसातली मंडळी दाराशी उभी राहून कौतुकानं पाहत होती.

"नो पॅनिक, सर," मास्तर हलकेच म्हणाले.

वरदाचारींनी त्यांचा हात हातात घेतला. "मिस्टर चुरी, उद्याच तुमची नेमणूक पक्की करून—"

वाक्य तिथेच राहिलं. बेटेगावच्या बाजूला धूळ दिसली. मग पाड्याच्या बाजूला. मग बोईसरच्या वाटेवर. धुळीतून माणसं निघाली, आणि ती पळत होती, पण पळायला हवं त्याच्या बरोबर उलट. गावच्या गाव डोंगराकडे धावत येत होतं. बायकांच्या कमरेवर हंडे, पुरुषांच्या हातांत कोयते, काठ्या, दोर, भिजवलेल्या घोंगड्या. एकानं घरचं शिडीसकट सामान आणलं होतं. कुणी ओरडत नव्हतं, कारण ओरडायचं काम भोंग्यानं केलंच होतं. हे नुसते दात आवळून धावत होते, आणि हीच गोष्ट सगळ्यांत वाईट दिसत होती.

"कोयते!" कॅशियर किंचाळला. "आपल्यावर चाल करून आले!"

त्यानंतर जे झालं, त्याचं उदाहरण पालघरच्या बाजारात शोधायची गरज नव्हती. कॅशियर पळाला म्हणून हेडक्लार्क पळाला. हेडक्लार्क पळाला म्हणून टायपिस्ट पळाला, त्यानं तर खिडकीतून बाहेर पाहिलंही नव्हतं. ड्रायव्हरनं जीप सुरू केली आणि ज्यांना चढता आलं त्यांना घेऊन थेट बोईसर स्टेशन गाठलं. कॅशियरला चढता आलं नाही, तो पाण्याच्या टाकीवर गेला. वरदाचारी जोरजोरात शिटी फुंकत "डोन्ट पॅनिक! डोन्ट पॅनिक!" ओरडत होते आणि ओरडता ओरडता यंत्राच्या लोखंडी शिडीवर चढत होते.

आणि मास्तर? मास्तरांनी ठरवलं होतं की दोन्ही हात वर करून पुढे जायचं आणि थांबा म्हणायचं. त्यांनी हात वर केले. घसाही खाकरला. पण पाय त्यांना न विचारता भलतीकडे वळले. भानावर आले तेव्हा ते डोंगराच्या मागल्या अंगाला करवंदीच्या जाळीत बसलेले होते. एक चप्पल कुठेतरी गेली होती आणि सदरा काट्यांनी सात ठिकाणी धरून ठेवला होता.

ते बसून राहिले. भीती ओसरली आणि तिच्या जागी शरम आली, ती जास्त बोचत होती. इतक्यात पानं सळसळली. जाळीच्या तोंडाशी विजया उभी होती. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, श्वास छातीत मावत नव्हता आणि कमरेवर तो तांब्याचा हंडा. एवढ्या धावण्यात त्यातलं निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं होतं.

"लागलं का कुठं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी भोंग्यापाशी गेले. तिथं तुमी नाय. मला वाटलं..." तिनं हंडा खाली ठेवला, डोळे पुसले आणि मग त्यांच्याकडे नीट पाहिलं. जाळी पाहिली, गेलेली चप्पल पाहिली. काय झालं ते तिला कळलं आणि तिला कळलं हे त्यांनाही कळलं.

"घसा खाकरत होता म्हणून सापडलात," ती म्हणाली. तिनं एकेक काटा सोडवला. "आता हंडा तुमी धरा. दोघं बरोबर आल्यासारखे जाऊ. कुणी इचारायचं नाय."

ते खाली आले तेव्हा सगळं शांत झालं होतं. झिपरूनं पहिला हंडा भोंग्यावरच ओतला होता. "लय वरडत व्हता," तो सांगत होता, "आता गप हाय." आग कुठे आहे, कोण दबलं आहे, याचा शोध घेऊन झाला होता. काहीच सापडलं नाही, सापडले ते शिडीवरचे वरदाचारी. त्यांच्याखाली निम्मं गाव माना वर करून उभं होतं.

"उतर रे बाबा," येसूबाई समजुतीच्या सुरात म्हणत होती, म्हणजे ते बोईसरला ऐकू जात होतं. "आमी आलो नाय का?"

झिपरू दोन पायऱ्या वर चढला आणि त्यानं वरदाचारींच्या बुटाला हलकेच हात लावला. "साहेब," तो म्हणाला, "पॅनिक नाय. आमी हाव."

वरदाचारींना त्यातला एकच शब्द कळला, पण तो पुरला. ते उतरले. कॅशियरला उतरवायला मात्र ती घरून आणलेली शिडी लागली.

ही नुसती तालीम होती, कुणाला काही झालेलं नाही, असं मास्तरांनी सांगितलं तेव्हा लोक रागावतील असं त्यांना वाटलं होतं. रागावली फक्त येसूबाई. वाटेत टाकलेल्या तिच्या पाटीवर एव्हाना कावळे जेवायला बसले असणार होते. बाकीचे कुणाला काही झालं नाही म्हणून खूश होऊन घरी गेले. "भोंगा बेस हाय," झिपरू जाताना म्हणाला. "लांबशी आयकाया येतो."

पत्र्याच्या ऑफिसात वरदाचारी आणि मास्तर समोरासमोर बसले. वरदाचारींचा एक हात शिडीच्या ग्रीसनं काळा झाला होता.

"मिस्टर चुरी. हे पॅनिक होतं की नव्हतं?"

मास्तरांनी घसा खाकरला. नोकरी या एका उत्तरावर होती. "होतं, सर."

"तुम्ही गॅरंटी दिली होती."

"गावाची दिली होती, सर. गावात नाही झालं. गाव तर मदतीला धावलं. आग कुणाची, घर कुणाचं, हे न विचारता आलं. पॅनिक झालं ते ऑफिसात, आणि ऑफिसची गॅरंटी मी दिली नव्हती."

वरदाचारींच्या भुवया वर गेल्या. मास्तरांनी इथेच थांबायला हवं होतं. विजयानं त्यांची अब्रू झाकली होती, आणि करवंदीची जाळी काही बोलणार नव्हती. पण इतकी वर्षं दुसऱ्यांचे उपयोग सुधारलेल्या माणसाला आपला एक चुकीचा उपयोग तसाच सोडवेना.

"आणि सर, मीही पळालो. जाळीत बसलो होतो. बायकोनं शोधून काढलं."

वरदाचारींनी आपला काळा हात रुमालाला पुसला. मग म्हणाले, "मी शिडीवर होतो, हे तुम्ही पाहिलंच आहे. ते जाऊ द्या. पण पुढच्या सोमवारी खरा सुरुंग आहे. तेव्हा भोंगा ऐकून ही सगळी माणसं अशीच इथे आली तर?"

हंडे घेऊन धावणाऱ्या बायका आणि वरून कोसळणारे दगड मास्तरांना एकदमच दिसले. नोकरीचा विचार त्यांच्या मनातून पार निघून गेला.

ते तसेच पाड्यावर गेले. झिपरूला परोपरीनं सांगितलं की भोंगा वाजला की डोंगरापासून लांब पळायचं. झिपरूनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बोंब आयकून उलटा पलायचा? मास्तर, येका येली आमी तसा केला आन त्या येली खरंच कोन दबला आसला, त मंग तोंड कुटं दाखवाचा? तुमी तुमचा सुरुंग लावा. आमी येनार." हे तो रागानं नाही, प्रेमानं म्हणाला.

दिवस मावळायच्या सुमाराला मास्तर घरी आले आणि ओट्यावर अंगठा ठेचाळला. हंडा पुन्हा काठोकाठ भरलेला होता.

"पुन्हा भोंगा वाजला तर पुन्हा येणार तू?" ते चिडून म्हणाले. "वरून दगड पडतील तरी?"

"तुमी तिथं असाल ना?"

"मी नाही तिथे. समज, मी इथे आहे, या बेटेगावच्या मैदानात."

"मग मी डोंगरावर कशाला जाऊ?" विजया म्हणाली. "बोंब जिथं उठंल तिथं जायाचं. मैदानात उठली तर मैदानात."

मास्तर अंगठा धरून एका पायावर उभे होते, ते तसेच राहिले. मग पायांत चप्पलही न घालता वरदाचारींच्या बंगल्याकडे धावत सुटले.

पुढच्या सोमवारी भोंगा जीपमधून बेटेगावच्या मैदानात आणला. डोंगराच्या पायथ्याशी कुणी मागे राहत नाही ना, हे पाहायला मास्तर स्वतः पाड्यावर गेले. कुणी नेमलं नव्हतं, पण त्यांनाच जावंसं वाटलं. ठरल्या वेळी गावाकडून भोंग्याचा तो गळा उठला. पाड्यातल्या झोपड्या क्षणात रिकाम्या झाल्या. हंडे, दोर, घोंगड्या घेऊन माणसं डोंगराकडे पाठ करून सुसाट निघाली. मास्तर मोजत, झोपड्यांत डोकावत उभे होते.

"मास्तर!" झिपरू मागे वळून ओरडला. "बोंब उटलीय आन उबे काय ऱ्हायलाव? चला!"

भोंगा का वाजतोय, कोण वाजवतोय, हे सबंध मुलखात मास्तरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ते धावले. या वेळी पायांनी त्यांचं ऐकलं. खाचरांचे बांध ओलांडत, धापा टाकत ते सगळ्यांच्या मधून मैदानात पोचले. वरदाचारी कोट काढून स्वतः दांडा फिरवत होते. हेडक्लार्क आणि टायपिस्ट दोघं मिळून ऑफिसातला पाण्याचा माठ घेऊन आले होते. कॅशियरच्या हातात काही नव्हतं, म्हणून तो शिडी धरून उभा होता.

मग डोंगरातून घुमत आवाज आला. पायाखालची जमीन हलली. सगळ्यांनी एकदम वळून पाहिलं, तर जिथे गेल्या सोमवारी ते सगळे उभे होते तिथे धुळीचा लोट उठला होता आणि माणसाच्या डोक्याएवढे दगड पत्र्यांवर बदाबदा पडत होते.

वरदाचारी मास्तरांजवळ आले. "मिस्टर चुरी," ते एवढंच म्हणाले, "तुमची नेमणूक पक्की," आणि त्यांनी मास्तरांचा हात घट्ट दाबला.

तेवढ्यात झिपरू आला. त्यानं मास्तरांकडे खालून वर पाहिलं आणि त्याची नजर त्यांच्या मोकळ्या हातांवर थांबली. बोंबेला रिकाम्या हातानं येणं म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगायला नको होतं. बायकाही पाहू लागल्या.

"मास्तर," झिपरूनं विचारलं, "तुमचा हंडा कुटं हाय?"

मास्तरांनी घसा खाकरला.

गर्दीतून विजया पुढे आली. बोंबेचा हंडा तिच्या कमरेवर होता आणि डोक्यावर दुसरा, घरातला पिण्याचा.

"हा काय त्यांचा," ती म्हणाली. "मी घेऊन आलेय."